काकांचा घोडा आणि मावशीची काशी

देवाने माणसाला वाचा दिली ती वापरण्यासाठी, हे ज्यांना जन्मात कधी पटलं नाही अशा लोकांची कोणी सभा भरवली असती, तर माझ्या मावशीच्या यजमानांनाच अध्यक्ष नेमावं लागलं असतं. आणि अध्यक्षीय भाषण 'बसा' एवढ्यावर आटोपून ते घरी परतले असते. आम्ही भाचरं त्यांना काका म्हणत असू. कर्जत स्टेशनात तारमास्तर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. तारेत शब्दागणिक पैसे पडतात, आणि शब्द छाटण्यात काकांचा हात धरणारा त्या लाइनीवर दुसरा कोणी नव्हता. लोक रडत यायचे, पानभर मजकूर सांगायचे, आणि काका त्यातलं दुःख तेवढं ठेवून बाकीचं खोडून टाकायचे. पुढे ही खोड घरातही शिरली. जेवताना ते 'मीठ' म्हणाले की मीठ हवं आहे की जास्त झालं आहे, हे मावशीने त्यांच्या भुवयांवरून ताडायचं. एकदा मावशी परसात भाजी खुडत बसली होती. काका पडवीतून म्हणाले, "मागे." "काय मागे?" मावशीने मान न वळवता विचारलं. "साप," काका म्हणाले. साप आपल्या वाटेने निघून गेला, पण काका दिवसभर घुश्शात होते. मावशीच्या त्या चौकशीपायी त्यांचा एक शब्द जास्तीचा खर्च झाला होता.

असा हा माणूस पेन्शनीत निघाला आणि त्याच पावसाळ्यात घोडा घेऊन घरी आला. पावसाळ्यात माथेरान बंद होतं. साहेबलोक आणि शेटलोक खाली उतरले की त्यांना पाठीवर वागवणारे घोडेही पायथ्याच्या गावांत येतात. त्यांच्या मालकांपैकी दगडू नावाचा घोडेवाला काकांच्या ओळखीचा होता. त्याचा एक पांढरा घोडा म्हातारा झाला होता, आणि त्याला बघायला एका सर्कशीचा माणूस येऊन गेला होता. सर्कशीत म्हाताऱ्या घोड्याला काम काय, असं काकांनी भुवयांनीच विचारलं. "घोड्याला काम नाय मास्तर, वाघाला हाय," दगडू म्हणाला. काका घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "माझा." एवढ्या एका शब्दात सौदा झाला.

मावशीने कपाळाला हात लावला. "सवत आणलीत ती आणलीत, तीसुद्धा चार पायांची!" घोड्याचं नाव कुणा साहेबाने प्रिन्स ठेवलं होतं. दगडू पिरन्स म्हणे. आम्हा भाचरांची नावं एकेका अक्षरावर आणणारे काका मात्र त्याला 'प्रिन्समहाराज' म्हणायचे. आणि नवल सांगायचं तर काका त्याच्याशी बोलत असत. रोज सकाळी गोठ्यातून त्यांचा आवाज यायचा: झोप लागली का, माशा फार झाल्यात का, काल दुपारची गाडी लेट होती, नव्या स्टेशनमास्तराला काही कळत नाही, तुम्हाला काय वाटतं? विशेषणं, क्रियापदं, सगळं जागच्या जागी. मावशी दाराआडून ऐकायची आणि मला म्हणायची, "एवढं बोलणं माझ्या वाट्याला आलं असतं ना, तर मीसुद्धा मुकाट्यानं गवत खाल्लं असतं रे."

या घोड्याला एक विद्या होती. माथेरानात ठिकठिकाणी पॉइंट आहेत. तिथे घोडा थांबतो, पाठीवरचा साहेब दरी बघतो, आणि त्याचं बघून झालं की घोडा पुढे निघतो. प्रिन्समहाराजांनी हे सगळं आयुष्य केलेलं. ते कर्जतच्या सपाटीवर आले, पण जिथून म्हणून काही लांबचं दिसेल तिथे त्यांचे पाय आपोआप थांबत. नदीवरच्या पुलावर, चिंचेच्या वळणावर, आणि पळसदरीच्या वाटेवर जिथून घाट चढणारी गाडी दिसते त्या उंचवट्यावर. काका त्याच्यावर कधी बसले नाहीत. लगाम धरून शेजारून चालायचे. पहिल्या दिवशी घोडा पुलावर थांबला तेव्हा काकांनी जरा ओढून पाहिलं. बरोबर असलेला दगडू म्हणाला, "वडू नका मास्तर. त्याची जागा आली की तो थांबनारच. तुमी बघा निवांत. बघून झालं की त्यो आपसूक निघंल." घोड्याला वाईट वाटू नये म्हणून काका बघू लागले. माथेरानच्या पायथ्याशी सगळी नोकरी करून तो डोंगर त्यांनी धड पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती फक्त गाडी वेळेवर आहे की नाही. सुट्टीत मी गेलो की मीही त्यांच्याबरोबर जाई. पुलावर काका आणि घोडा शेजारी शेजारी उभे, दोघांची मान एकाच बाजूला वळलेली, आणि पाठीमागे बैलगाडीवाला ओरडतोय, "ओ मास्तर, वाट द्या की!" काका ढिम्म हलत नसत.

दोन-तीन वर्षं अशी सुखाची गेली. मग एका वैशाखात घोडा पुढचा पाय टेकेना. माथेरानात सीझनला साहेबांचे घोडे बघायला मुंबईहून एक डॉक्टर येत असे. दगडूने मध्यस्थी करून त्यांना खाली आणलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी पाय चाचपला आणि सांगितलं की खुराच्या वरच्या सांध्यात हाड वाढलंय. मुंबईला रेल्वेच्या डब्यातून न्यायचं, कापायचं, काही महिने तिथेच ठेवायचं. बरा होईल का? होईल किंवा होणारही नाही. खर्चाचा आकडा ऐकून मावशी मटकन जोत्यावर बसली. नाहीतर बंदुकीची एक गोळी, डॉक्टर म्हणाले, तिचे पैसे मी घेत नाही. आणि दोन्ही नको असेल, तर शेक द्या, थोडं थोडं चालवा; दुखेल, पण सोसेल. ज्या दिवशी उठेनासा होईल त्या दिवशी मात्र मला कळवा. मी माथेरान सोडायच्या आत काय ते ठरवा.

घरात पैसा होता तो एकच, मावशीच्या काशीयात्रेचा. लग्नात काकांनी कबूल केलेली ती यात्रा पेन्शन मिळाल्यावरही लांबतच चालली होती. त्या दिवसांत मी तिथेच होतो. काका अंगणात येरझारा घालायचे, गोठ्यात जाऊन बसायचे, पण गोठ्यातूनही आवाज येत नव्हता. घोड्याशीसुद्धा त्यांचं बोलणं बंद झालं. शेवटी मावशीच यात्रेच्या पैशांचा डबा घेऊन आली आणि काकांपुढे ठेवून म्हणाली, "न्या त्याला मुंबईला. काशी काही पळून चालली नाही."

काकांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नको," ते म्हणाले.

मावशी भडकली. घोड्याला उठताबसता शिव्या घालणारी माझी मावशी त्या दिवशी घोड्यासाठी अशी भांडली की शेजारीपाजारी गोळा झाले. "शब्द वाचवलेत, आता पैसा वाचवताय? त्या मुक्या जीवाचा पाय पैशापेक्षा स्वस्त झाला का?"

तेव्हा काका बोलले. माणसाशी ते इतकं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. "अगं, पैसा तुझा आहे, पण तो प्रश्न नाही. हे पैसे टाकूनही तो बरा होईल याची खात्री नाही. त्याला गाडीच्या डब्यात घालून नेतील. महिनोन् महिने बांधून ठेवतील. तिथं त्याच्यासमोर काय असेल? भिंत. त्याला जन्मभर लांबचं बघायची सवय. तिथंच मेला, तर भिंत बघत मरेल. इथं दुखेल त्याला, मला दिसतंय. पण त्याला चिंचेपर्यंत जायचं असतं अजून. आज सकाळी तीन पायांवर निघाला होता. जोवर त्याला बघायला जायचंय, तोवर मी नेईन. ज्या दिवशी तो म्हणेल पुरे, त्या दिवशी डॉक्टरांना तार करीन." एवढं बोलून ते दमून खाली बसले. मावशीने डबा उचलला, आत गेली, आणि चुलीवर शेकासाठी वीट तापत ठेवली. तिचं हे काम पुढे रोजचं झालं.

पुढचं मला मावशीकडून कळलं. पावसाळाभर घोडा पडवीत होता. उघडीप मिळाली की दोघं निघत. आधी उंचवटा सुटला, मग चिंच, मग पूल. शेवटी घोडा फाटकापर्यंत येऊन थांबे आणि तिथून माथेरानच्या डोंगराकडे बघे. दिवाळीनंतर एका सकाळी तो उठला नाही. डॉक्टर तेव्हा नव्या सीझनसाठी पुन्हा माथेरानात आले होते; काकांनी तिथे तार केली: 'या'. डॉक्टर आले तेव्हा काकांनी घोड्याची मान मांडीवर घेऊन डोंगराकडे वळवून धरली होती, आणि ते त्याच्या कानाशी हलक्या आवाजात बोलत होते. मावशीने गुळाचा खडा भरवला. डॉक्टरांनी तेवढा वेळ बाजूला उभं राहून वाट पाहिली.

माघात काका मावशीला काशीला घेऊन गेले. शिमग्याच्या सुट्टीत मी कर्जतला गेलो, तेव्हा सकाळी ते काठी घेऊन निघाले आणि मीही बरोबर चाललो. पुलावर आल्यावर ते थांबले. डावा हात अजून लगाम धरल्यासारखा किंचित पुढे होता. समोर माथेरानचा डोंगर धुक्यातून वर येत होता. मला स्टेशनवर पोचायचं होतं, गाडी गाठायची होती. थोडा वेळ थांबून मी म्हणालो, "काका, निघू या?"

काकांनी मान वळवली नाही. हात वर करून ते म्हणाले, "थांब जरा. त्याचं बघून झालं नाही अजून."