गुरुवारचा डबा

तिसऱ्या केमोला जाताना मी रिक्षात बसून दत्ताशी चक्क भांडत होते. मनातल्या मनात हं, पण ओठ हलत होते. शेजारी बसलेल्या ह्यांना वाटलं, बायको नामस्मरण करतेय, म्हणून बिचारे गप्प होते. मी मात्र म्हणत होते, ‘इतक्या वर्षांत तुझा एक गुरुवार चुकवला नाही, आणि तू माझ्या पदरात हे टाकलंस?’

गुरुवारचं असं झालं, की ह्यांची नोकरी होती तेव्हा आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मुलगा दुसरीत असताना टायफॉइडने अगदी हातातून जायची वेळ आली. मी देवापुढे बसून बोलले, ‘हा उठून बसू दे, जन्मभर गुरुवार करीन.’ तो उठून बसला. तेव्हापासून गुरुवारी दिवसभर चहा-पाण्यावर राहायचं, तिन्हीसांजेला दिवा लावून आरती केली की मग जेवायचं. पुढे आम्ही त्याच शहरात कोटऱ्याला घर घेतलं, मुलगा नागपूरला गेला, दोन लेकरांचा बाप झाला, पण माझा गुरुवार जागचा हलला नाही. खरं सांगायचं तर भक्ती किती आणि भीती किती, हे मलाच कळेनासं झालं होतं. उपास मोडला तर पोराला काही होईल, ही धास्ती पोटात कायमची बसलेली.

आणि स्तनाच्या ऑपरेशननंतर केमो लागली ती नेमकी दर तिसऱ्या गुरुवारी! डॉक्टर बजावून सांगायचे, हलकं खाऊन या, थोडं थोडं खात राहा. मी मान डोलवायची. सिस्टरने विचारलं, ‘आंटी, नाश्ता किया?’ की बेधडक ‘किया’ म्हणायची. ह्यांनी रिटायर झाल्यावर हौसेने स्वयंपाक शिकलेला, ते डबा करून द्यायचे. आत पेशंटच्या सोबत्याला बसू देत नसत. मी डबा वॉर्डातल्या मावशींना द्यायची आणि रिकामा घरी आणायची. पहिल्या दोन्ही खेपांना घरी येऊन मी अशी काही कोसळले की विचारू नका. वजन भराभर उतरलं. डॉक्टर म्हणाले, ‘असंच चाललं तर पुढचं औषध लांबवावं लागेल.’ म्हणून त्या दिवशी रिक्षातच मी देवाला निर्वाणीचं सांगितलं, ‘उपास मी सोडणार नाही आणि औषध मला झेपत नाही. आज तू काही सांगितलं नाहीस, तर घरी जायच्या आधी डॉक्टरांना सांगून टाकते, बस झालं, यापुढे नको.’

आत गेले, सलाईन लागलं. शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक बाई आली, डोक्यावर फुलाफुलांची ओढणी. तिची तयारी मी बघतच राहिले. लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी तिने थैली उघडली. आधी पायात मोजे, मग गुडघ्यावर शाल, हाताशी पाण्याची बाटली, लिंबाची फोड डबीत, एक वही आणि पेन. कुर्ता पुढून बटणांचा, म्हणजे तपासायला आणि सुई लावायला सोपं. सगळं झाल्यावर माझ्याकडे बघून हसली.

“कौन सी है?”

“तीसरी.”

“मेरी पाँचवीं. तो मैं आपकी सीनियर हुई, बाजी. रैगिंग नहीं करूँगी, डरिए मत.”

तिचं नाव शाहीन, मला पहिल्यापासून ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणायची. जुन्या शहरात राहते, एका शाळेत गणित शिकवायची. बोलकी तर अशी, की माझंही तोंड बंद पडलं, आणि ते सहसा कुणाला जमत नाही! त्या दोन तासांत तिने मला जे शिकवलं ते मी आजही प्रत्येकीला सांगते. केस गळायला लागायच्या आधीच तिने ते बारीक कापून घेतले होते, “रोज तकिये पर मातम कौन करे?” तोंड येऊ नये म्हणून मऊ ब्रश, आणि कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच गुळण्या. स्टीलचा चमचा तोंडात लोखंडासारखा लागतो, म्हणून लाकडी. उलटीची गोळी उलटी व्हायची वाट न बघता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची. कोणत्या दिवशी काय झालं ते वहीत टिपायचं, कारण डॉक्टरसमोर बसलं की आपल्याला काही म्हणता काही आठवत नाही. आवडीचा पदार्थ केमोच्या आठवड्यात मुळीच करायचा नाही, “वरना बिरयानी से उम्रभर की दुश्मनी हो जाएगी.” आणि थर्मामीटर उशाशी. ताप शंभराच्या वर गेला तर घरी गोळी गिळून वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. हे सांगताना मात्र ती हसली नाही.

दुपार झाली. तिने डबा काढला आणि शांतपणे जेवायला लागली. मी चमकले. रमजान चालू होता. मला राहवलं नाही.

“शाहीनजी, रोज़ा?”

“बचपन से एक नहीं छोड़ा. इस साल नहीं रख रही.”

“बुरा नहीं लगता?”

“पहले दिन बहुत रोई,” ती घास चावत म्हणाली. “फिर सोचा, बीमार को छूट तो ऊपरवाले ने दी है. वो दे रहा है और मैं हाथ पीछे कर लूँ, तो ये इबादत हुई कि अकड़? ठीक हो गई तो सर्दियों में रख लूँगी. दिन भी छोटे होते हैं.” मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, “और आपका डब्बा कब खुलेगा? घी की ख़ुशबू तो कब से आ रही है.”

मी तिला सगळं सांगितलं. नवस, भीती, मावशींना दिलेले डबे, सगळं. आजवर ह्यांनाही सांगितलं नव्हतं. तिने उपदेश केला नाही. विचारलं, “बेटा कितने का है?”

“बयालीस का.”

“बयालीस का!” ती खुदकन हसली. “बाजी, जिसने उसे तब बचाया, उसे क्या आज दिखता नहीं कि माँ बीमार है?”

मी डबा उघडला. मुगाची खिचडी होती, वर तुपाचा गोळा. पहिला घास घेतला. गिळला आणि वाट बघत बसले. काहीच झालं नाही. सलाईन थेंब थेंब पडत होतं. खिचडीत मीठ जरा जास्त होतं. मला रडू आलं आणि रडता रडता मी डबा संपवला.

मग सहज विचारलं, “पिछले गुरुवारों को आप दिखीं नहीं?” ती म्हणाली, “मेरा तो सोमवार होता है. इस बार ख़ून की जाँच ठीक नहीं आई, लौटा दिया. आज बुलाया.” याला काय म्हणायचं ते मी कुणाला सांगत नाही. तिचा सोमवार टळला आणि ती माझ्या गुरुवारी आली, एवढंच मला माहीत आहे.

डॉक्टरांना मी खरं काय ते सांगितलं, ‘यापुढे नको’ तेवढं म्हटलं नाही. बोलणी खाल्ली. हे कळल्यावर रिक्षात ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हणजे मी मावशींसाठी स्वयंपाक शिकलो?” म्हणाले. मग बराच वेळ माझा हात धरून बसले. घरी पोचल्यावर मुलाला फोन केला, तो ठणठणीत होता, उलट मलाच रागावला. पुढच्या सगळ्या केमो मी खाऊन घेतल्या. सोप्या गेल्या असं नाही, पण निभावल्या. आता फक्त तपासणीला जायचं असतं.

थंडी पडली तसा शाहीनचा फोन आला, “बाजी, दिन छोटे हो गए.” ती डॉक्टरांना विचारून राहिलेले रोजे धरत होती. मीही विचारलं. आठवड्यातून एक दिवस चालेल म्हणाले. एका गुरुवारी मी तिच्याकडे गेले. दिवसभर पोटात काही नव्हतं, पण या खेपेला धास्ती नव्हती. मी देवासाठी उपास करतेय असं मुळी वाटतच नव्हतं. त्याने मला तो करायला दिला होता, अंगात तेवढं बळ परत घालून. इतकी वर्षं मी त्याला देत आले असं समजत होते, आणि घ्यायचं कसं ते मला शाहीनने शिकवलं.

सूर्य बुडाला, अजान झाली. तिच्या हातात खजूर होता, माझ्यापुढे डबा. डोळे मिटून मी मनात आरती म्हणत होते, जरा लांबलीच. डोळे उघडले तर खजूर अजून तिच्या हातातच.

“मेरी दुआ तो हो गई,” ती म्हणाली. “आपकी?”

“झाली,” म्हटलं. मग आम्ही दोघींनी एकदमच पहिला घास घेतला.