पाणी कोणतं आहे जी?

पत्तीवाले भाऊ चहा प्यायचे तो पूर्ण गार झाल्यावर, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, आणि तोही गिळायचे नाहीत. सकाळी दुकान उघडलं की स्टीलच्या चार-पाच वाट्यांमध्ये वेगवेगळ्या चहाचं पाणी निवत ठेवायचे. मग एकेक घोट फुर्रकन ओढायचे, डोळे मिटून तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या बादलीत थुंकून टाकायचे. हे सगळं गिऱ्हाइकांच्या देखत चाले. एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘तुम्हालाच गिळवत नाही, तो आम्ही का विकत घ्यावा?’’ भाऊ शांतपणे म्हणाले, ‘‘गरम चहा लबाड राहते जी. थंडा झाला का खरं बोलते.’’

भाऊ मूळचे वर्ध्याकडचे. पुण्यात एका कारखान्यात वीस वर्षं होते. उदारीकरणाची हवा आली, कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्ती केली, आणि भाऊंनी मिळालेल्या पैशांत बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुट्या चहाचं दुकान टाकलं. त्यांच्याकडे चहाच्या पावडरीला पत्ती म्हणतात, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : ‘येथे उत्तम पत्ती मिळेल’. पहिल्या आठवड्यात जे आले ते सगळे दाढीची पत्ती मागायला आले. गल्लीनं याची यथेच्छ थट्टा केली. ‘‘पाटी बदला,’’ असा फुकटचा सल्लाही दिला. भाऊंनी पाटी बदलली नाही, दाढीच्या पात्यांचं एक खोकं आणून गल्ल्याशेजारी ठेवलं. आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जाणं त्यांना अपमानाचं वाटायचं. पात्यांसाठी आलेल्यांपैकी निम्मे तरी जाताना चहा घेऊन जायचे, आणि एकदा चहा नेला की माणूस पुन्हा यायचाच.

माझी आई त्यांतलीच एक. ती शाळेत कारकून होती आणि कशालाही चटकन चांगलं म्हणण्याचा तिला तिटकारा होता. भाऊंच्या चहाला ती ‘बरा आहे’ म्हणायची. हे प्रशस्तिपत्रक तिनं आयुष्यात फार थोड्यांना दिलं. मला तर अजून मिळालेलं नाही.

पुढे मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. भाऊंनी विचारलं, ‘‘तुमाले काम काय राहते तिथं?’’ मी म्हटलं, दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या. भाऊ जरा विचार करून म्हणाले, ‘‘अन् त्याचा पगार देतात? तुमच्या आईचं फुकट गेलं मग इतके वर्ष.’’ माझ्या पगाराच्या जोरावर आम्ही कर्ज काढलं आणि कात्रजच्या पलीकडे एका नव्या सोसायटीत राहायला गेलो. लिफ्ट होती, बाग होती, महापालिकेचं पाणी तेवढं नव्हतं. बोअर आणि टँकर यांवर आमचा संसार सुरू झाला.

तिथे गेल्यापासून चहा बिघडला. रंग काळपट, वर तवंग, चव मातकट. आईनं दूध बदललं, पातेलं बदललं, शेवटी तिची खात्री झाली. एका रविवारी ती मला घेऊन बसनं बिबवेवाडीला आली आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘भाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. चहात भेसळ करायला लागलात.’’

दोन बायकांनी बांधलेल्या पुड्या तशाच ठेवल्या आणि निघून गेल्या. सुटा माल विकणाऱ्याकडे छापील पाकीट नसतं, शिक्का नसतो, असतो तो फक्त शब्द. त्या सुमारास बाजारात चकचकीत पाकिटं आली होती, त्यांवर वाट्या-चमचे फुकट मिळायचे. तरीही भाऊंचं दुकान टिकलं होतं ते त्यांच्या शब्दावर, आणि तो आईनं भर दुकानात खोटा ठरवला होता. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. भाऊंनी वाद घातला नाही. आमचा पत्ता तेवढा विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, ते आमच्या दारात उभे. दुकान बंद करून आले होते. पिशवीत आईनं नेली होती तीच पत्ती आणि बिबवेवाडीच्या नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या. ‘‘ताई, दोन पातेले द्या,’’ म्हणाले. एकात नळाचं पाणी, एकात आमच्या बोअरचं. पत्ती मोजून सारखी, दूध सारखं, साखर सारखी. दोन कप आईपुढे ठेवले आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले, म्हणजे आपल्याकडे बघून ती भिडेनं काही बोलायला नको.

आईनं एका कपातला घोट घेतला, मग दुसऱ्यातला, आणि बोअरच्या पाण्याचा कप बाजूला सरकवला.

‘‘पत्ती खोटी नाही जी,’’ भाऊ खिडकीपासूनच म्हणाले. ‘‘पाणी जड आहे.’’

आई म्हणाली, ‘‘मी चारचौघांत बोलले. आता चारचौघांतच माघार घेते.’’ आणि पुढच्या रविवारी तिनं तशी घेतली, तितक्याच खणखणीत आवाजात. भाऊ इतके संकोचले की दाढीची पाती लावत बसले.

त्या दिवसापासून भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारू लागले, ‘‘पाणी कोणतं आहे जी?’’ बोअरच्या पाण्याला कडक दाणेदार चहा जास्त, नळाच्या पाण्याला कमी, टँकरला आणखी वेगळं. शहर चहूकडे फुगत होतं, संगणकवाल्यांच्या सोसायट्या डोंगर चढत होत्या, आणि तिथून लोक आपापलं पाणी बाटलीत भरून बिबवेवाडीला यायचे. डॉक्टरकडे नमुना द्यावा तशी ती बाटली भाऊंच्या हाती द्यायचे. भाऊ त्यात चहा उकळायचे, निववायचे, चाखायचे आणि मिश्रण करून द्यायचे. इतकं मन लावून काम करणारा माणूस मी माझ्या वातानुकूलित कंपनीत एकही पाहिला नाही.

मग त्यांच्या घशाला आजार झाला. उपचारांनी आजार गेला, पण जिभेची चव घेऊन गेला. हे त्यांनी फक्त आईला सांगितलं. म्हणाले, ‘‘ताई, आठवड्यातून दोनदा येऊन तुम्ही चाखत जा. बाकीचे मले चांगलंच म्हणतात. तुम्ही तोंडावर बोलल्या होत्या.’’ आई तेव्हा निवृत्त झाली होती. वर्षभर ती बसनं जात राहिली. गार चहाचा घोट घ्यायची, थुंकायची आणि चुका काढायची. तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

एका पावसाळ्यात भाऊंनी तिला न विचारता नवा माल आणला. पानाचा रंग बघून, बोटांनी चोळून, स्वतःच्या अंदाजानं. पुन्हा जमतंय आपल्याला, या आनंदात त्यांनी वाटी तिच्यापुढे धरली. चहाला कुबट वास होता. आईनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘छान आहे.’’

भाऊंनी तिच्या हातातून वाटी घेतली. ‘‘तुमाले माझी दया आली जी,’’ एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. तो माल त्यांनी व्यापाऱ्याला परत केला आणि दुकान बंद करायचं ठरवलं. उरलेला जुना चहा संपेपर्यंत, जे गिऱ्हाईक येईल त्याला त्याच्या पाण्याचं मिश्रण चिठ्ठीवर लिहून दिलं, कोणता चहा किती भाग आणि मंडईपाशी तो कुणाकडे चांगला मिळेल हेसुद्धा. धंद्याची सगळी विद्या दहा दिवसांत वाटून टाकली आणि वर्ध्याला भावाकडे निघून गेले. तिथेच वारले, असं दोन वर्षांनी कळलं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

आई आता थकली आहे. अधूनमधून मला विचारते, ‘‘तेव्हा मी ‘छान आहे’ म्हणाले, चुकले का रे?’’ पूर्वी मी ‘नाही गं’ म्हणून वेळ मारून नेली असती. भाऊ गेल्यापासून मी तसं करत नाही. ‘‘हो, चुकलीस,’’ म्हणतो. ती मान हलवते आणि चहा टाकायला उठते.