भिंतीला डोकं टेकेपर्यंत

जिममध्ये अंग कमवायला वर्षं जातात, किस्से मात्र आठवड्यात साठायला लागतात. बसवकल्याणात हार्डवेअरच्या दुकानामागे आमची जिम आहे. तीन वर्षं जातोय. दंड होते तेवढेच आहेत, किस्से खंडीभर झालेत!

*

पहिल्याच दिवशी आमच्या कोचनं, बसू अण्णानं, मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं टेकायला हवं. माझं डोकं चार बोटं पुढंच! भिंतीवर बाकीच्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग होते. माझा काही पडला नाही.

"पोक हाय तुला. डोकं टेकल्याबिगर सोळा किलोच्या केटलबेलला हात लावायचा न्हाई!"

मला वाटलं, महिन्याभराचं काम आहे. हसू नका.

*

केटलबेल म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. नवख्यांसाठी अण्णानं तो विकत आणलाच नाही. आडतीतल्या दहा किलोच्या जुन्या वजनाला वेल्डरकडून कडी लावून घेतली. सहा महिने मी ते धूड झुलवलं आणि सहा महिने ऐकून घेतलं, "डावीकडं कामून झुकायलास?"

शेवटी पाठीत उसण भरली, पंधरा दिवस आडवा. परत आलो तेव्हा कडी नीट बघितली. कडीच वाकडी!

अण्णा म्हणाला, "व्हय, कडी वाकडी हाय. पण तू सरळ ऱ्हायचं न्हाई का?"

*

अण्णा कन्नडात मोजतो. ओंदु, एरडु, मूरु... माझे नऊ झाले की नेमका त्याचा फोन वाजतो. बोलून आला की पुन्हा ओंदु!

"अण्णा, नऊ झाले होते."

"मी कुठं बगितलं?"

*

मी हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. दोन वर्षांनी खांदे जरा मागं गेले, मान वर आली. हेडमास्तरांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि ते म्हणाले, "पैलं तुमी किती नम्र होताव हो!"

इतकी वर्षं हा माणूस माझ्या पाठीच्या पोकाला नम्रपणा समजत होता. तेव्हा राग आला, अजूनही येतो.

*

गेल्या महिन्यात डोकं टेकलं. भिंतीवर डाग पडला, बोराएवढा. अण्णानं सोळा किलोची केटलबेल हातात दिली. विकतची, सरळ कडीची. मला सगळ्यांसमोर रडू आलं.

तो डाग दाखवायला मी अप्पांना, माझ्या वडिलांना, आमच्या गावाहून, निर्ण्याहून घेऊन आलो. आम्ही बौद्ध. अप्पांचं अर्धं आयुष्य गावातल्या मोठ्या घरी सालगडी म्हणून गेलं. अंगणाच्या पुढं त्यांना कधी कुणी येऊ दिलं नाही. पोक त्यांनाही आहे, माझ्याहून जास्त.

त्यांनी डाग बघितला, बोट न लावता, नुसत्या डोळ्यांनी. अण्णाला हौस आली.

"अप्पा, तुमीबी उभारा बगू भिंतीला."

अप्पा उभारले, वीतभर अंतर ठेवून.

"अजून मागं या."

अप्पा हलले नाहीत.

"टेका की अप्पा! कामून लांब उभारलाव?"

अप्पांनी मान वळवून भिंतीकडं बघितलं, मग अण्णाकडं. आणि हळूच विचारलं,

"भिंत कुणाची हाय?"