एक हात वर

कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या मैदानावर, पूर्वेच्या कोपऱ्यातल्या रेषेवर, सामना संपल्यावर मी ओंजळभर फक्की टाकली, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची पूड. बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही आणि ज्या माणसाने त्या ओंजळीची शिक्षा भोगली त्यालाही नाही. त्याला ते आधीपासून ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं. हा मजकूर त्या माणसाविषयी आहे. माझ्याविषयी लागेल तेवढंच लिहितो.

त्यांचं नाव मांडवकर. गुहागरकडचे. कुवेतमध्ये शुवैखच्या एका गॅरेजात रेडिएटर दुरुस्त करायचे. वय बावन्नच्या आसपास, उंची माझ्या खांद्याएवढी, पोटऱ्या मात्र खलबत्त्यासारख्या. मी इथल्या एका पगारी रग्बी लीग क्लबात स्टोअर सांभाळतो. जर्सी, बूट, बर्फ, पट्ट्या, बसचं डिझेल, सगळं माझ्याकडे. एका शुक्रवारी सरावाच्या वेळी आमच्या बसचा रेडिएटर गळायला लागला आणि कुणीतरी मांडवकरांना बोलावलं. बॉनेटखालचं काम उरकून, काळे हात पुसत ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. पाच मिनिटं बघितल्यावर मला म्हणाले, "साहेब, ही एवढाली माणसं एकमेकांच्या गळ्याला का झोंबतात?"

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. तेरा-तेरा जणांचे दोन संघ. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं. समोरच्याने धरून पाडलं की उठून परत पळायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्या संघाचा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की चार गुण, पण त्याआधी बाजूच्या रेषेवर पाय पडला तर सगळं फुकट.

मांडवकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "म्हंजे कबड्डीच की वो. फकस्त दम सोडायची परवानगी हाय."

आमचे कोच ग्रेग ऑस्ट्रेलियाचे. त्यांनी मला विचारलं, हा माणूस काय म्हणतोय. मी सांगितलं. मांडवकरांनी पुढे जोडलं, "त्यांना सांगा, माडाला मिठी मारून माड पडत नाय." ग्रेग हसले आणि म्हणाले, मग दाखव म्हणावं. मांडवकरांनी चपला काढून बसच्या चाकाशी नीट जोडून ठेवल्या, खाली वाकून माती कपाळाला लावली आणि मैदानात गेले. समोरून सेमी धावत आला. सेमी आमचा फिजीचा विंगर, म्हणजे कडेने पळणारा. सव्वासहा फूट, शंभर किलो. मला वाटलं, आता रेडिएटरवाल्याची अँब्युलन्सही मलाच बोलवावी लागणार. मांडवकर शेवटच्या क्षणी बाजूला सरकले, गुडघा टेकला आणि सेमीचा चवडा दोन्ही हातांनी धरून वर उचलला. सेमी पसरला तो पसरलाच. उठून मांडवकरांकडे बघत हिंदीत म्हणाला, "अउर एक बार." फिजीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांमुळे तिथल्या पोरांना थोडी हिंदी येते. एक बार कसलं, सहा वेळा झालं. सहाव्या वेळी मांडवकर म्हणाले, "आता चेंडू आमचा." नियम त्यांना पाठ झाला होता.

महिन्याभरात त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गॅरेजकडून आमच्या मालकाच्या कंपनीवर आला. कागदावर मैदान कामगार. प्रत्यक्षात ते पकडी शिकवायचे. मालकाला आम्ही सगळे मुदीर म्हणतो. मुदीरनी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की अंतिम सामन्यापर्यंत गेलात तर क्लब पुढे चालेल, नाहीतर बंद. क्लब बंद म्हणजे आम्हा तेवीस जणांचे इकामे बंद. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. वर्ष अर्धवट सोडून परत जावं लागेल, हे मी घरात कुणाशीही बोललो नव्हतो. पहिले तीन सामने आम्ही हरलो होतो.

त्यानंतर आम्ही जिंकायला लागलो, आणि ते पकडींवर जिंकलो. ग्रेग पळायला आणि पास द्यायला शिकवायचे, मांडवकर पाडायला. त्यांचे शब्द तसेच्या तसे मैदानात गेले. न्यूझीलंडचा कॅप्टन "साकळी, साकळी" ओरडला की दोघं हातात हात गुंफून समोरच्याला कोंडायचे. कुणी "पट" म्हणालं की मांडीला हात, "चवडा" म्हणालं की पायाला. एकदा समोरच्या संघाच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं, हा चवडा म्हणजे कोणता डावपेच आहे? मी म्हटलं, गुहागरचा. शुक्रवारी सराव संपला की मांडवकर डब्यातून कुळथाची पिठी आणि भात आणायचे. सेमी ती पिठी पेल्याने प्यायचा आणि मिश्या पुसायचा. मांडवकर त्याला म्हणायचे, "मेल्या, माझ्यासाठी ठेव जरा. मी पन खेळतो."

मैदान ते स्वतः आखायचे. इथल्या वाऱ्यात कोरडी फक्की टिकत नाही, म्हणून दोरी लावून फक्की टाकली की वरून हाताने पाण्याचा हलका शिडकावा करायचे. वाळली की रेघ भाकरीच्या पापुद्र्यासारखी घट्ट बसायची. "सुकी फक्की म्हंजे नुसती धूळ," म्हणायचे, "रेघ अशी पायजे की पाय पडला तर तिनं बोललं पायजे."

आणि त्यांची एक सवय सगळ्या संघाला लागली. कबड्डीत चढाई करणाऱ्याला आपला पाय रेषेबाहेर गेलेला कळतो. पंचांनी पाहिला नसला तरी चांगला खेळाडू स्वतःच हात वर करतो आणि बाहेर जातो. सरावात मांडवकर तसंच करायचे. पकड चुकली, नियम मोडला, की दंड कानाला टेकवून उजवा हात सरळ वर. ग्रेग मला म्हणाले, मग रेफरी कशाला आहे? मी हे मांडवकरांना सांगितलं. ते म्हणाले, "रेफरीला दोनच डोळे. पाय माझा, कळनार मला." हळूहळू सेमी हात वर करायला लागला, मग कॅप्टन, मग सगळेच. एकदा फक्कीची पोती संपली होती आणि मी त्यांना म्हटलं, ऑफिसने नव्या पोत्यांसाठी हात वर केलेत. मांडवकर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "देसाईसाहेब, बघा हां. खेळाडू एक हात वर करतो, हाफिसवाले दोन. एकाचा अर्थ मी केलं, दोनाचा अर्थ मला काय ठाऊक नाय."

साखळी फेरीचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकणारा अंतिम सामन्यात जाणार होता. आमच्या स्पर्धेत पंच कमी, म्हणून दोन्ही बाजूंच्या रेषेवर झेंडा घेऊन दोन्ही क्लबांचा एकेक माणूस उभा असायचा; पाय रेषेवर पडला की झेंडा वर करायचा. पूर्वेच्या रेषेवर मी होतो. शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी मागे, आणि सेमी चेंडू घेऊन माझ्या बाजूने सुटला. कोपऱ्यात झेप घेण्याआधी त्याचा डावा पाय रेषेवर पडला. माझ्यापासून तीन पावलांवर. बुटाच्या सहाही खिळ्यांचा ठसा घट्ट फक्कीत उमटला आणि पापुद्रा उडाला. रेघ बोलली. मी झेंडा खालीच ठेवला.

रेफरीने माझ्याकडे पाहिलं, झेंडा पाहिला, गुण दिले. आम्ही जिंकलो. सगळे सेमीच्या अंगावर पडले. त्यातून बाहेर येऊन तो सरळ माझ्याकडे आला, धापा टाकत, आणि विचारलं, "देसाई भाई, पैर बाहर रहा?" त्याचा उजवा हात अर्धा वर आलेला होता. मी म्हटलं, "नहीं." हात खाली गेला.

समोरच्या संघाचा मॅनेजर रेफरीशी वाद घालत होता, रेषा बघू या म्हणत होता. फक्कीचा डबा कोपऱ्यातल्या खांबापाशी उघडाच होता. मध्यंतरात मांडवकरांनी तिथली रेघ दुरुस्त केली होती. मी ओंजळ भरली, ठशावर टाकली, बुटाने सारखी केली.

अर्थात ते लगेच कळलं. सगळी रेघ घट्ट आणि तेवढाच हातभर तुकडा सुका, भुरभुरीत. ड्रेसिंग रूमच्या कंटेनरमध्ये स्पर्धेच्या समितीचे तिघे बसले. रेफरीचा निर्णय बदलता येत नव्हता, गुण राहणारच होते. पण रेषेत ढवळाढवळ कुणी केली हे त्यांना हवं होतं. मैदानाचा माणूस कोण? मांडवकरांना बोलावलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषा मी.

अध्यक्षांनी मला म्हटलं, त्याला विचार, सामना संपल्यावर चुना त्याने टाकला का?

मी मराठीत विचारलं, "मांडवकर, सामना संपल्यावर फक्की तुम्ही टाकली का, असं विचारतायत."

मांडवकर माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. मैदानात समोरचा कोणत्या बाजूला वळणार हे बघताना बघायचे तसं बघत होते. मला पुरेसा वेळ दिला त्यांनी. मग स्वतःचा उजवा हात कानाला लावून वर केला आणि म्हणाले, "सांगा त्यांना, मी टाकली नाय. पन डबा उघडा ठेवला तो मी. तेवढी चूक माझी."

समितीच्या तिघांनी तो वर केलेला हात पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी इंग्रजीत म्हणालो, "हो म्हणतोय. चूक माझी, असं म्हणतोय."

त्यातला 'येस' मांडवकरांना समजला. हात त्यांनी लगेच खाली घेतला नाही. स्पर्धेच्या सगळ्या मैदानांवर त्यांना कायमची बंदी झाली. नंतर बाहेर ग्रेगनी मला विचारलं, हा माणूस असं का करेल? मी म्हणालो, मला काय ठाऊक. तेव्हा माझे दोन्ही हात वर होते, अगदी खरोखर, खांद्यापर्यंत.

पुढच्या शुक्रवारी आम्ही अंतिम सामना जिंकलो. संघ मैदानात "साकळी" ओरडत होता आणि तो शब्द आणणारा माणूस वफ्राला होता. मुदीरनी त्यांना आपल्या तिथल्या शेतावर पाठवलं होतं, काकड्यांच्या हरितगृहात पाण्याच्या नळ्या सांभाळायला. क्लब चालू राहिला. माझी मुलगी बारावी झाली, आता नोकरी करते.

वफ्राला मी एकदाच गेलो, वर्षभराने, सेमीला बरोबर घेऊन. मांडवकरांनी आम्हाला वेलींच्या ओळींमधून फिरवलं. तिथेही दोरी लावून ओळी सरळ केलेल्या होत्या. सेमीला काकड्यांची पिशवी दिली, त्याचा दंड दाबून बघितला आणि म्हणाले, "वजन उतरलंय तुजं. पिठी कोन देत नाय वाटतं." सेमी गाडीकडे गेल्यावर ते माझ्याशी बोलले. पहिल्यांदाच साहेब न लावता.

"फक्की सुकी व्हती, देसाई. मी सुकी कदी टाकत नाय. आनि त्या बाजूला झेंडा तुमचा व्हता."

मी विचारलं, "मग मी काय भाषांतर केलं ते कळल्यावर बोलला का नाहीत? सेमीला हिंदीत सांगितलं असतं, तर त्याने समितीला इंग्रजीत सांगितलं असतं."

नळीचा एक जोड घट्ट करत ते म्हणाले, "आपला हात आपनच वर करायचा असतो. दुसऱ्याचा धरून वर केला तर ती पकड झाली. तुमाला पकडून काय करू मी? पोरीची परीक्षा व्हती तुमच्या."

मुलीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बसमध्ये फोनवर बोलताना ऐकलं असणार.

ते थोडा वेळ थांबले, कंटेनरमध्ये थांबले होते तसेच. मग म्हणाले, "चला, चहा घ्या."

दोन वर्षांपूर्वी ते गावी परतले. गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला, मांडवकर गेले. अंगणात गावातल्या पोरींना कबड्डी शिकवत होते, दमले म्हणून ओट्यावर बसले, तिथेच. पुतण्या म्हणाला, काका तुमचं नाव काढायचे, देसाईसाहेबांनी मला इंग्रजांचा खेळ शिकवला म्हणायचे. मग जरा अडखळत विचारलं, "तुम्हाला माहीत असेल. काकांना तिथे बंदी कशामुळे झाली होती? ते कधी बोलले नाहीत." मी त्याला म्हणालो, कागद बघून सांगतो.

कागद बघायची गरज नाही. समितीच्या वहीत आजही मांडवकरांच्या नावापुढे माझं इंग्रजी वाक्य आहे. त्यांचं वाक्य होतं, मी टाकली नाही, डबा उघडा ठेवला ती माझी चूक. ते जसंच्या तसं इंग्रजीत करून, खाली फक्की कुणी टाकली ते लिहून, माझ्या सहीने मी समितीला द्यायचं आहे, आणि तेच मराठीत त्यांच्या पुतण्याला. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.