संत्याला न पोचलेली मेल

भूतबित म्हणजे अर्धं अपचन आणि अर्धं रिकामटेकडेपण, असं मी आत्ताआत्तापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. दिग्रसजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी मेल सर्व्हर सांभाळतो. आल्यागेल्या प्रत्येक मेलची तिथे नोंद असते... मग न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा कशाला?

यंदा ऐन हंगामात कुणीतरी पाठवणारा म्हणून आमचा पत्ता घालून हजारो भंकस मेल पाठवल्या. ज्या पोचल्या नाहीत त्या सगळ्या आमच्याकडे परत! चोर सोडून संन्याशाला फाशी. वैतागून मी नियम लावला — परत आलेली मेल न उघडता थेट कचऱ्यात. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

पुढच्याच मंगळवारी आमचा फिटर संतोष, माझा शाळेपासूनचा दोस्त, अडकलेला कापूस काढायला चालू पट्ट्यावर चढला... आणि यंत्रात ओढला गेला. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. यवतमाळला नेईपर्यंत संपलं होतं.

तेरवीनंतर मी त्याचं मेल खातं बंद केलं आणि कचऱ्याचं फोल्डर रिकामं करायला घेतलं. त्यात त्याचं नाव दिसलं. अपघाताच्या आधीच्या शनिवारी परत आलेली मेल. कारण — 'या नावाचं खातं इथे नाही.' पण त्या शनिवारी खातं होतं! त्याच सकाळी त्याने त्यावरून मला सुट्या भागांची यादी पाठवली होती.

खाली मूळ मेल होती. पाठवणारा — मी.

"संत्या, मंगळवारी पट्ट्यावर चढू नको. मायी शपथ हाय तुले."

त्याला संत्या म्हणणारा कारखान्यात मी एकटाच. आणि ही मेल मी लिहिलेली नाही. सर्व्हरचा लॉग तीनदा तपासला, पाठवल्याची नोंदच नाही. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर मंगळवारचं त्याला शनिवारी कसं कळलं?

परवा संतोषची बायको त्याचा डबा न्यायला आली होती. म्हणाली, "भाऊजी, ह्यायले कोनी आडवलं कसं नाई हो?"

मी मान खाली घालून डबा तिच्या हातात दिला.

तो नियम मी काढून टाकला. आता परत आलेली एकेक मेल उघडून वाचतो — सगळी भंकसच असते. उलगडा अजून झालेला नाही, होईल असं वाटतही नाही. ती मेल तीन दिवस माझ्याकडे पडून होती, आणि न वाचता फेकणारा मीच होतो, एवढं मात्र लॉगमध्ये स्पष्ट दिसतं.