बारावं मानपत्र

सतरा वर्षांत मी अकरा मानपत्रं लिहिली. सगळी कन्नडात, आणि सगळी दुसऱ्यांची.

आमच्या कॉलेजात कुणी निवृत्त झालं की ठरलेला समारंभ असे. डोक्यावर म्हैसुरी पेटा, खांद्यावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, हातात फळांची करंडी. मग फ्रेममध्ये घातलेलं मानपत्र माईकवरून वाचायचं. पहिल्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचं कन्नड चांगलं आहे, तुम्हीच लिहा." मराठी घरातल्या बाईचं कन्नड चांगलं आहे याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. मलाही, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. एक गृहस्थ अकरा वाजता यायचे आणि जेवणानंतर दिसायचे नाहीत. त्यांना मी 'वेळेचे पक्के' लिहिलं. सभागृहात टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात जोरात त्यांनीच वाजवल्या.

मी राज्यशास्त्र शिकवत होते. नंजनगूडच्या बाजूचं सरकारी पदवी कॉलेज. 'शिकवत होते' असं लिहिताना अजून पेन अडतं. माझं पद अतिथी व्याख्यात्याचं, म्हणजे कंत्राटी. सत्र संपलं की कार्यमुक्त करायचे, पुढच्या सत्राला पुन्हा अर्ज, पुन्हा यादी, पुन्हा रुजू. वर्षातले नऊ-दहा महिने मी प्राध्यापक आणि उरलेले महिने कुणीच नाही. हजेरीसुद्धा वेगळी. कायमच्या लोकांची पुठ्ठ्याच्या बांधणीच्या रजिस्टरात, आमची फाईलला टाचलेल्या सुट्या कागदावर. वर्षाच्या शेवटी ते कागद कुठे जायचे, देव जाणे. सतरा वर्षं मुक्काम ठोकून बसलेली पाहुणी आमच्या घराण्यात तरी कुणी पाहिली नव्हती.

घराणं म्हणजे काय, तर पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. त्याबद्दल आई अजून ताठ मानेनं बोलते. पणजोबांना राजवाड्याचं पेन्शन, आजोबा पोलिसात, वडील सरकारी कचेरीत कारकून. वडिलांनी म्हैसुरात, कुवेंपुनगरात छोटंसं घर बांधलं, त्यातच आई आणि मी राहतो. सरकारचं अन्न आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पचलेलं. माझ्यापाशी येऊन ते बंद झालं. मला पाहायला येणारे आधी विचारायचे, "पर्मनंट आहे का?" आई म्हणायची, "या वर्षी होतंय की, ऑर्डर निघालीय अल्वा." 'ना'च्या जागी कन्नडातलं 'अल्वा' तिच्या मराठीत कायमचं बसलेलं. दरवर्षी ऑर्डर निघालेली असायची. पुढे पाहायला येणारे थांबले आणि आईनंही ऑर्डरीचं बोलणं सोडलं.

मला राजकारणाचा तिटकारा आहे असं ओळखीचे लोक म्हणतात. साफ खोटं. मला राजकारणाची आवड होती, म्हणून तर तो विषय घेतला. नोकरीत समान संधी हा भाग मी पहिल्या वर्षाला इतका रंगून शिकवायचे की खिडकीशी बसणारे वाचाळ पोरगेही गप्प व्हायचे. एकदा त्यातल्याच एकानं उठून विचारलं, "मग मॅडम, तुम्ही पर्मनंट का नाही?" वर्ग हसला, मीही हसले. तोच मुलगा पुढे मला बसमध्ये भेटला, नंजनगूडच्या कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात. "मीपण काँट्रॅक्टच मॅडम," म्हणाला, आणि उठून मला जागा दिली. तेवढं तरी मी त्याला शिकवलं होतं.

आम्ही धरणंही धरलं. जिल्हा कचेरीसमोर जमखाना पसरून अठरा दिवस बसलो. तेव्हा विरोधात असलेला एक पुढारी आला, चपला काढून आमच्यात बसला, म्हणाला, "आमचं सरकार आलं की पहिली सही तुमच्या फाईलवर." फोटो निघाले. मी स्वतः त्याला पाणी दिलं. पुढे त्यांचं सरकार आलं. आम्ही पुन्हा जमखाना पसरला. या वेळी आधीच्या सरकारातला एक जण आला, चपला काढल्या आणि सहीचंच बोलला. जमखाना तोच होता, त्यावरचा कॉफीचा डागही तोच. त्या दिवशी मला राग आला नाही, नुसतं थकायला झालं. राग यायला समोरच्यानं निदान आपल्याला फसवण्याची थोडी मेहनत घ्यायला हवी.

लोकांना वाटतं, माणूस एका मोठ्या धक्क्यानं नाउमेद होतो. मी तर रोज थोडी थोडी होत गेले. बायकांना बस फुकट झाली तेव्हा मी खूश झाले होते. वर्गात कल्याणकारी राज्यावर बोलताना हातात ते शून्य रुपयांचं तिकीट धरून दाखवलं. मग बसमध्ये पुरुष कुजबुजायला लागले, की या फुकट्यांमुळे आम्हाला उभं राहावं लागतं. बायका मान खाली घालायच्या. मी एकदा तोंड उघडलं, तर मागून एक बाईच म्हणाली, "सुम्ने बसा हो मॅडम, आहे ते पण काढून घेतील." या देशाच्या राजकारणाविषयी त्याहून नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. गप्प बसा, आहे ते पण काढून घेतील.

आणि काढून घेतलंच. गेल्या वर्षी नवा नियम आला: प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पास झालेले यादीत आधी, बाकीचे सगळे नंतर, मग त्यांचा अनुभव कितीही असो. ती परीक्षा मी दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिले. नंतर वाटलं, इतकी वर्षं शिकवतेय, आता कोण विचारतंय. ही माझी चूक, ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही. नियम वाईट आहे असंही मला म्हणता येत नाही. मुलांना पात्र शिक्षक मिळावेत हे मीच वर्गात सांगत आले. फक्त सतरा वर्षं माझ्याकडून पेपर तपासून घेताना, निवडणुकीच्या कामाला जुंपताना, मानपत्रं लिहून घेताना माझी पात्रता कुणाला आठवली नव्हती.

आता तिच्याविषयी सांगते. ती माझी विद्यार्थिनी. वरुणाजवळच्या खेड्यातली, घरी चार गाई, पहाटे डेअरीत दूध घालून मग कॉलेजला यायची. आल्यावर तिच्या ओढणीला गोठ्याचा वास असायचा आणि मुली तिच्यापासून सरकून बसायच्या. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. हुशार होती, हट्टी तर त्याहून. एम.ए. झाल्यावर तीच पात्रता परीक्षा द्यायची म्हणाली. दोन वर्षं दर रविवारी ती आमच्या घरी यायची. मी माझ्या नोट्स काढायचे, प्रश्न विचारायचे, चुकली की ओरडायचे. आई तिला उप्पिट्टू करून घालायची. पास झाली तेव्हा घरच्या लोण्याचा डबा घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. मी रडले. मला जमलं नाही ते माझ्या मुलीला जमलं, असं वाटलं. खरंच तसं वाटलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

यादी लागली तेव्हा ती बरीच वर होती आणि मी खाली, नव्या नियमातल्या 'बाकीच्यां'त. जिल्ह्यात राज्यशास्त्राच्या जागा मोजक्या. वरच्या लोकांनी आधी कॉलेज निवडायचं, उरलं तर आम्ही. दोन दिवसांनी सकाळी ती घरी आली. हातात स्कूटीची चावी, चेहरा उतरलेला. बसली, पण खुर्चीच्या टोकावर.

"मॅडम, तुमचं कॉलेज मला मिळतंय," ती म्हणाली. "घरापासून जवळ पडतं. सकाळचं दूध घालून जाता येईल. दुसरं आहे ते पार डोंगराकडे, तिथे खोली करून राहावं लागेल. पण तुम्ही सांगितलं तर मी तिकडे जाते. ही जागा सोडते."

आई स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचे पेले घेऊन उभी होती. ती मराठीत म्हणाली, "हिलाच शिकवलीस अल्वा दोन वर्षं? उप्पिट्टू घालून घालून? आता बघ."

"अज्जी काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"साखर बरोबर आहे का विचारतेय."

"बरोबर आहे अज्जी," ती म्हणाली. अजून तिनं पेल्याला तोंडही लावलं नव्हतं.

मला तिचा राग आला. हेही लिहून ठेवायला हवं. एक क्षणभर मला वाटलं, म्हणावं, हो, सोड. जा डोंगराकडे. मी सतरा वर्षं बसचे धक्के खाल्ले, तू दोन वर्षं खा. ती खरोखर गेली असती, तशी होती ती. म्हणून मी उठले आणि टेबलावरची यादी तिच्यापुढे धरली. तिच्या नावापासून माझ्या नावापर्यंत पेननं मोजलं. मधे एकेचाळीस नावं होती. तिनं जागा सोडली असती तर ती त्या एकेचाळिसांतल्या कुणीतरी उचलली असती. मला काही मिळालं नसतं, तिचं तेवढं गेलं असतं.

असली व्यवस्था कुणी बसून आखली असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्यासाठी कुणी त्याग करायला निघालं तरी तो आपल्यापर्यंत पोचू नये. भांडायला समोर कुणी नाही, आभार मानायलाही कुणी नाही, नुसती एक यादी. वर्गात मी मुलांना शोषक आणि शोषित समजावून सांगायचे. इथे माझ्यासमोर माझीच मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"घे ती जागा," मी म्हणाले. "आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात दम दे. नाहीतर डोक्यावर बसतात."

ती रडली. मी रडले नाही, मला घाई होती. कॉलेजातून सामान आणायचं होतं.

सामान म्हणजे एक डबा, एक छत्री आणि नोट्सच्या सहा वह्या. शिपायानं एक छापील फॉर्म पुढे केला. ग्रंथालयाचं पुस्तक राहिलं नाही, कपाटाची किल्ली परत केली, डस्टर परत केला. तीन ठिकाणी सह्या. तो बिचारा शरमला होता. "रूल आहे मॅडम," म्हणाला. प्राचार्य मीटिंगला गेले होते. स्टाफरूममध्ये दोघं होते, एकजण म्हणाला, "पुढच्या वर्षी येणारच की तुम्ही!" आणि मोबाईलकडे वळला. त्यांचंही बरोबर होतं. मी दरवर्षी जायचे आणि दरवर्षी यायचे, या वेळचं जाणं वेगळं आहे हे त्यांना कोण सांगणार? फाटकाबाहेर बस आली. कंडक्टरनं सवयीनं शून्याचं तिकीट फाडून दिलं. आता मला कुठेही फुकट जाता येत होतं, आणि जाण्यासारखं ठिकाण एकही नव्हतं.

आता मी घरी दहावीच्या चार मुलांना समाजविज्ञान शिकवते. वर्तमानपत्र येतं, मी ते आधी खेळाच्या पानापासून वाचते. टीव्हीवर पुढारी भांडायला लागले की आई चॅनेल बदलते आणि मी काही बोलत नाही. पूर्वी मी त्या पेटीशी भांडायचे. आईला आता त्याचीच काळजी वाटते. "काहीतरी बोल गं," म्हणते. "त्यांना शिव्या तरी दे." माझ्याकडे शिव्याही उरलेल्या नाहीत.

परवा दुपारी शिकवणीची मुलं यायच्या आत माझ्या त्या विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज आनंदी होता, जपून आनंदी. वर्ग बरे चाललेत, पोरं माझी आठवण काढतात, दोन गाई विकल्या. मग मुद्द्यावर आली. पुढच्या आठवड्यात प्राचार्य निवृत्त होतायत आणि मानपत्र लिहायचं काम तिच्यावर आलंय.

"स्टाफरूममधले म्हणाले, तुझं कन्नड चांगलं आहे, तूच लिही." ती हसली. "मॅडम, मला काही जमत नाही. कसं सुरू करतात?"

मी म्हणाले, जुनी असतील बघ कपाटात. तिनं शोधली होती, मिळाली नव्हती.

"तुम्ही गेलात तेव्हाचं असेल ना तुमच्याकडे?" तिनं विचारलं. "तुमचं मानपत्र? त्याचा फोटो पाठवता का? तेच बघून लिहिते. सतरा वर्षांचं म्हणजे मोठं असेल."

चेष्टा नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या डोळ्यांपुढे मी पेटा घालून, हार घालून उभी असणार. ते चित्र मला मोडवेना.

"ते फ्रेममध्ये आहे गं," मी म्हणाले. "काचेवर उजेड येतो, फोटो नीट निघत नाही."

आई समोरच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्याशेजारी कॅलेंडर. तिनं दोन्ही पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळात हात घातला.

"मग तुम्हीच सांगा ना मॅडम," ती फोनवर म्हणाली. "निदान पहिलं वाक्य."

"पेन घे," मी म्हणाले. "लिही. ही संस्था आपल्याला कधीही विसरणार नाही."