भूदलाचं नाव नसलेली यादी

एका बाईंचे आभार मानायचे आहेत. पण त्याआधी मी त्यांचं काय केलं ते सांगायला हवं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी इथल्या डच सैन्याच्या संयुक्त चाचण्यांवर कंत्राटी इंजिनिअर होतो. भूदल, नौदल, हवाई दल यांना एकमेकांचे संदेश वेळेत पोचतात का, आणि पोचल्यावर ते एकत्र हालतात का, हे तपासायचं. तिघांचे तंबू मैदानाच्या तीन टोकांना असत. चाचणी चालू असताना एका दलाच्या माणसाने दुसऱ्याशी तोंडी बोलायचं नाही, जे काय ते यंत्रणेतून, हा नियम कडक होता. आम्ही निरीक्षक पिवळी जॅकेटं घालून तंबूत उभे. आम्हीही बोलायचं नाही, फक्त लिहायचं.

त्या दिवशी मी भूदलाच्या तंबूत होतो. पडद्यासमोर चाळिशीतल्या एक सार्जंट बाई बसल्या होत्या. नौदलाकडून धोक्याचा इशारा यायचा होता, तो येईना. त्यांनी दोनदा यंत्र तपासलं आणि माझ्याकडे वळल्या. 'मेनेर' म्हणजे इथलं 'साहेब'.

"मेनेर, काहीच येत नाही. माझेच डोळे गेलेत का?"

मी वहीत फक्त वेळ लिहिली. त्या उठल्या, पावसात नौदलाच्या तंबूकडे गेल्या, इशारा विचारून आल्या आणि आपली तुकडी वेळेत हलवली. मी लिहिलं, 'ऑपरेटरने नियम मोडला. फेरी बाद.'

दुसऱ्या दिवशी अहवाल जुळवताना कळलं. संदेश कुणाकुणाला जावा याची यादी मीच भरली होती, आधीच्या चाचणीतली जशीच्या तशी उचलून. त्या चाचणीत भूदल नव्हतंच. माझं कंत्राट तेव्हा वाढायचं होतं. मी यादी गुपचूप दुरुस्त केली, वाक्य तसंच ठेवलं. बाईंना पुढच्या संयुक्त चाचण्यांतून वगळलं गेलं. शेरा त्यांच्या नावावर राहिला.

गेल्या हिवाळ्यात लायडस्खेनडाम गावातल्या सुपरमार्केटात मी रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनशी झगडत होतो. मागून आवाज आला, "पिवळं जॅकेट! अजून यंत्रांशी भांडण?" त्याच होत्या. केस पांढरे, सैन्यातून निवृत्त व्हायला दोन वर्षं उरलेली. त्यांनी अडकलेली बाटली काढून दिली आणि डायरी बघून मंगळवारी साडेदहाला कॉफीला बोलावलं.

घरी येऊन बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"अहो, मग तिथंच सांगायचं ना त्यांना."

"हातात बाटल्या होत्या."

"इतकी वर्षं हातात बाटल्याच होत्या का?"

त्याच संध्याकाळी मी चाचण्यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक माझी, यादी माझी, शेरा काढावा. बायकोनं ते दोनदा वाचलं आणि 'कदाचित' हा शब्द खोडायला लावला. तिचेही आभार.

मंगळवारी बाईंनी कॉफी ओतली, एकेक बिस्कीट दिलं आणि इथल्या रीतीप्रमाणे डबा बंद केला. मी ते अजून न पाठवलेलं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी सावकाश वाचलं.

"मला तेव्हाच वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते, मेनेर. पिवळ्या जॅकेटपुढे माझं कोण ऐकणार?"

मी मान खाली घातली. माफी मागितली ती डच भाषेत नीट जमली नाही, तरी त्यांनी मधे तोडलं नाही. मग एका ओळीवर बोट ठेवलं. 'संदेश न पोचल्याने ऑपरेटरने स्वतः चालत जाऊन तो मिळवला.'

"चालत नाही. धावत. पाऊस केवढा होता."

मी पेन काढून 'चालत' खोडलं, वर 'धावत' लिहिलं आणि बाजूला सही केली. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, पाकिटात घालून पाकीट स्वतः चिकटवलं. मग बिस्किटांचा डबा उघडून माझ्याकडे सरकवला, आणि मी उठेपर्यंत तो उघडाच राहिला.